आठ महिने एच.२६४ वर: जुन्या लॅपटॉपवरचा अनुभव

व्हिडिओ अडखळला की आपण आधी नेटला शिव्या घालतो. मीही घातल्या. राउटर बंद-चालू केला, कॅशे साफ केली, ब्राउझर काढून पुन्हा टाकला. फरक शून्य. खरं तर लक्षण समोरच होतं. लोडिंगची करडी पट्टी बरीच पुढे गेलेली, आवाज सुरळीत, फक्त चित्र धक्के खात चाललेलं. नेट कमी पडलं असतं तर आवाजही थांबला असता.

माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर २०१३ सालचा. यूट्यूबवर व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडलं, तर कोडेकपुढे (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची आणि परत उलगडायची पद्धत) व्हीपी९, आणि ड्रॉप्ड फ्रेम्सचा, म्हणजे गाळलेल्या चित्रांचा, आकडा नुसता पळतोय. व्हीपी९ हासुद्धा २०१३चाच, त्यामुळे तो उलगडायची खास सोय माझ्या चिपमध्ये नाही. इंटेलकडे ती पूर्णपणे सातव्या पिढीत आली, एव्ही१ या त्याहून नव्या कोडेकची अकराव्या पिढीत. म्हणजे सगळा भार सीपीयूवर, मुख्य प्रोसेसरवर.

सर्वांत जास्त फसवलं ते क्रोम ब्राउझरच्या जीपीयूची (ग्राफिक्सची) माहिती देणाऱ्या पानाने. वर 'व्हिडिओ डिकोड: हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटेड' असं हिरव्या अक्षरांत लिहिलेलं, म्हणजे व्हिडिओ उलगडायचं काम सीपीयूऐवजी चिपमधला खास भाग करतोय, म्हणून मी निर्धास्त. खाली कोडेकची यादी असते, ती बघायला दोन आठवडे लागले. तिथे एच.२६४ हा जुना कोडेक होता, व्हीपी९ नव्हता.

मग एक छोटं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा प्रोग्राम, टाकलं. ते साइटला सरळ थाप मारतं, की या ब्राउझरला व्हीपी९ आणि एव्ही१ येतच नाहीत. साइट मुकाट्याने एच.२६४ पाठवते आणि तो चिप स्वतः हाताळते. त्याच दिवशी १०८०पी गुळगुळीत चालू लागलं. आठ महिन्यांत बॅटरीही जास्त पुरतेय.

तोटेही आहेत. यूट्यूबवर एच.२६४ १०८०पीच्या वर मिळत नाही, त्यामुळे फोरके विसरायचं (माझा स्क्रीन तेवढा नाहीच, म्हणून मला चाललं). तेवढ्याच दर्जासाठी डेटा जास्त लागतो, मोजून नेट वापरणाऱ्यांना ते जाणवेल. आणि नव्या मशीनवर हे टाकू नका, तिथे उलट नुकसानच.

'हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करा' हा सल्ला सगळीकडे मिळतो. चित्र हिरवं किंवा काळं दिसत असेल तर तो कामाचा, कारण तिथे बहुतेक वेळा ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडलेला असतो. माझ्याकडे त्याने सगळं आणखी रखडलं.

मध्यंतरी ब्राउझर अपडेट झाल्यावर एक्स्टेन्शन गुपचूप बंद पडलं होतं. मला ते कळलं पंख्याच्या आवाजावरून.