सरकत्या बैठकीची गाडी: पोलोग्राउंडच्या वर्कशॉपमधलं काम

शिडाची कॅनू म्हणजे अरुंद होडी; वाऱ्याने ती कलू नये म्हणून आडव्या फळीवर बसून नावेबाहेर जातात, ती सरकती बैठक. अशी बैठक करायची तर फळी सोपी, तिला धरणारी गाडी अवघड. फळी या गाडीतून डावी-उजवीकडे बाहेर जाते आणि गाडी स्वतः रुळांवर पुढे-मागे सरकते. मागून वारा असला की वजन मागे न्यावं लागतं, नाहीतर नाळ, म्हणजे नावेचं पुढचं टोक, पाण्यात घुसते.

माझी पहिली गाडी गेल्या वर्षी दुसऱ्या एका फॅब्रिकेटरने केली होती. लांबी जेमतेम 30 सेंटीमीटर, खाली रुळावर घसरणारे नायलॉनचे गुटके, म्हणजे छोटे ठोकळे. इंदूरला अंगणात सुरेख सरकायची. मग पावसाळाभर नाव भोपाळला बड्या तलावाच्या काठी झाकून ठेवली आणि ऑक्टोबरात गाडी हलेचना. नायलॉन पाणी पिऊन फुगतं, आणि रुळात फट सोडलेलीच नव्हती. वारा वाढलेला, मी फळीच्या टोकावर आणि गाडी जागची हलत नाही. त्या दिवशी मी खरंच घाबरलो.

यंदा इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या एका छोट्या मशीनिंग वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या मिस्त्रीकाकांनी आयुष्यात अशी नाव पाहिलेली नाही. पण पहिला प्रश्न त्यांनीच केला, "साहेब, तुम्ही बाहेर किती जाता आणि तुमचं वजन किती?" दोघांनी तिथेच हिशेब मांडला. गाडी 90 सेंटीमीटर रुंद, मी 72 किलोचा, गाडीच्या कडेपासून 1.4 मीटर बाहेर. म्हणजे फळीची आतली बाजू साधारण 112 किलोने वर उचलू पाहते आणि बाहेरच्या कडेवर 184 किलोचा दाब येतो. काका म्हणाले, "मग खालचे गुटके ठीक आहेत, पण वरून दाबून धरणारी पट्टी हवीच." जुन्या गाडीला ती पट्टी नव्हतीच, दोन बारीक क्लिपांवर सगळा भार होता.

त्यांनी गाडी 60 सेंटीमीटर लांब केली. कपाटाचा रुंद खण एका कोपऱ्याने ओढला की तिरका होऊन अडकतो ना, तसंच इथे होतं, कारण माणूस एका टोकाला बसून सरकवतो. रुळावरची पकड लांब असेल तर हे कमी होतं. शिवाय दोन्ही बाजूंना फिरती दोरी लावली, म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी बसते. गुटके यूएचएमडब्ल्यू पॉलिइथिलीन या चिवट, घसरड्या प्लास्टिकचे. ते पाणी जवळजवळ शोषतच नाही, पण उन्हात अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतं, म्हणून काकांनी दोन्हीकडे अर्धा मिलिमीटर फट ठेवली. गाडीच्या चौकटीला वेल्डिंग नको म्हणाले, 6061 टी6 या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद जोडापाशी उतरते. जाड पट्ट्या आणि स्टीलचे बोल्ट लावले, बोल्ट सियागंजच्या बाजारातून मीच आणून दिले.

1886 मध्ये अमेरिकेतल्या लॉवेलच्या पॉल बटलरने कॅनूवर अशी सरकती बैठक आणली. 1933 मध्ये उफा फॉक्स आणि रॉजर डी क्विन्सी हे इंग्रज अमेरिकेत जाऊन तिच्या जोरावर कॅनूच्या शर्यती जिंकले. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली फाइल खाली ठेवली आणि पूर्ण ऐकून घेतलं.

एकूण 6,800 रुपये झाले, मटेरियलसकट. काम आठवड्यात देतो म्हणाले आणि पाच दिवस उशीर झाला. गाडीच्या आतल्या कडा घासलेल्या नव्हत्या, पहिल्याच दिवशी दोरीचं आवरण फाटलं. तक्रार केल्यावर त्याच संध्याकाळी पैसे न घेता कडा गोल करून दिल्या.

नोव्हेंबरात भोपाळला सलग चार दिवस चालवली. ओली असताना, वाळू लागलेली असताना, मी पूर्ण बाहेर असताना गाडी एका हाताने सरकली. एकदाच अडकली, रुळात खडा होता.

तुम्ही गेलात तर फळी आणि रूळ दोन्ही सोबत न्या, नुसत्या चित्रावर ते माप घेत नाहीत. आणि तुमचं वजन खरं सांगा.