हाताने घडवलेला स्टोनवेअरचा (जास्त तापमानाला भाजलेल्या पक्क्या मातीचा) पाण्याचा जग, तोटी एकदम जमलीये
दोन महिने रोज वापरतोय हा जग आणि खरं सांगतो, ओतल्यावर एक थेंबसुद्धा खाली ओघळत नाही, कारण तोटीची कड पातळ आणि धारदार ठेवलीये, कड जाड गोल असली की पाणी तिलाच चिकटून खाली येतं. आणि ज्यांनी बनवला त्यांनी ही तोटी मापांसकट बाकीच्या कुंभारांनाही दाखवलीये, मला हे फारच आवडलं! माती वाळताना आणि भट्टीत मिळून साधारण १०-१२ टक्के आकसते म्हणून कान आधीच मोठा घेतात, माझी चारही बोटं आरामात जातात. १२०० डिग्रीच्या वर भाजलाय, झिरपत नाही. फक्त तळ खरखरीत राहिलाय, टेबलावर ओरखडे पडतात, तेवढा घासून द्यायला हवा होता.