पॉवर रेकने थॅच काढणं आणि त्यावर ओव्हरसीडिंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

पॉवर रेक, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या दात्यांनी लॉन खरवडणारं मशीन, घेताना बहुतेकांच्या मनात एकच गोष्ट असते, ती म्हणजे लॉनमध्ये साठलेला थॅच (हिरवी पाती आणि माती यांच्यामधला न कुजलेला तपकिरी थर) उपसून काढायचा. मीही त्याचसाठी मशीन घेतलं. शरद ऋतूच्या सुरुवातीला ते पहिल्यांदा चालवलं, त्यानंतर हिवाळा आणि वसंत गेला, आता उन्हाळाही बराच सरला आहे. एवढं बघून झाल्यावर माझं मत असं की थॅच काढणं हे या मशीनचं अर्धंच काम आहे. टिकणारा फायदा मिळतो तो त्याच दिवशी टाकलेल्या बियामधून, म्हणजे ओव्हरसीडिंगमधून (असलेल्या लॉनवरच नवं बी टाकणं), कारण हे मशीन बियाला मातीपर्यंत वाट करून देतं. नुसता थॅच काढून लॉन तसंच सोडलं, तर उघड्या पडलेल्या जागा आधी तण धरतं आणि थरही हळूहळू परत साठतो.

थॅच म्हणजे काय, याबद्दल बराच गैरसमज आहे. कापलेलं गवत लॉनवर सोडल्यामुळे थॅच होतो असं अनेकजण सांगतात. त्या पात्यांत बहुतांश पाणीच असतं, ती लवकर कुजून जातात. थॅच होतो तो गवताच्या खोडांचा, आडव्या धावणाऱ्या फुटव्यांचा आणि मुळांचा. या भागांत लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) जास्त, म्हणून ते कुजायला वेळ लागतो. नत्रयुक्त खत जास्त झालं, रोज वरच्यावर पाणी दिलं, माती दबलेली किंवा आम्लधर्मी असली, की साठण्याचा वेग कुजण्याच्या वेगापेक्षा जास्त होतो. साधारण १ सेंटीमीटरपर्यंतचा थर चांगलाच असतो, तो मातीतली ओल टिकवतो आणि पायाखालचा दाब झेलतो. त्याहून जाड झाला की पाणी वरच्यावर निथळतं, मुळं मातीत जाण्याऐवजी थॅचमध्येच पसरतात आणि पहिल्या कडक उन्हात लॉन पिवळं पडतं.

म्हणून मशीन घेण्याआधी खुरप्याने ६-७ सेंटीमीटर खोल एक पाचर कापून काढा आणि हिरवी पाती व माती यांच्यामधला तपकिरी, स्पंजासारखा थर मोजून बघा. माझ्याकडे जुनं केंटकी ब्लूग्रास आहे. हे गवत जमिनीखालून धावतं आणि थॅचही भरपूर करतं. थर २ सेंटीमीटरच्या आसपास होता, म्हणजे मशीनचं काम खरोखर होतं. टॉल फेस्क्यू किंवा बारमाही रायग्रासचं लॉन असेल तर बहुधा थर एवढा जाड नसेलच, आणि तिथे हाताचं दंताळं पुरतं.

आता मशीनबद्दल. माझं मशीन वायरवर चालणारं इलेक्ट्रिक आहे. आडव्या रोटरवर स्प्रिंगचे दाते आहेत, खोली बदलायला चाकांजवळ एक लीव्हर आहे आणि मागे कचरा गोळा करायची पिशवी आहे. मोठ्या पेट्रोल मशीनमध्ये दात्यांऐवजी झुलणारी लोखंडी पाती असतात. ती जास्त ताकदीने ओरबाडतात आणि दाट, जुन्या थराला तीच योग्य. व्हर्टिकटर हे मशीन यापेक्षा वेगळं, त्याच्या घट्ट बसवलेल्या पात्या मातीत उभ्या चिरा पाडतात. घरच्या मध्यम आकाराच्या लॉनला स्प्रिंगच्या दात्यांचं मशीन पुरतं, हे मी आता खात्रीने सांगू शकतो.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते खोलीकडे. लीव्हर सगळ्यात वरच्या खाचेत ठेवून दोन-तीन मीटरचा एक पट्टा चालवायचा, वाकून नीट बघायचं आणि मगच एक खाच खाली यायचं. दात्यांची टोकं मातीला जेमतेम खरवडतील इतकंच हवं, फार तर ३ ते ५ मिलिमीटर. तपकिरी कचरा वर येतोय आणि मातीची बारीक रेघ दिसतेय, म्हणजे खोली बरोबर. हिरव्या गवताचे मुळासकट झुपके उपटून येऊ लागले तर लगेच एक खाच वर घ्या. मोटर सुरू करताना हँडल दाबून दाते जमिनीपासून उचलायचे, पूर्ण वेग आला की चालता चालता अलगद टेकवायचे. एका जागी उभं राहिलं की तिथे चर पडतो.

आदल्या दिवशी हलकं पाणी दिलेलं असावं आणि माती वाफशावर असावी. चिखलात मशीन चालवलं तर दाते गवत उपटतात, कोरड्या ठणठणीत मातीत ते वरूनच घसरत जातात आणि नुसती धूळ उडते. गवत आधी नेहमीपेक्षा बरंच आखूड कापून घ्यायचं. स्प्रिंकलरच्या प्रत्येक तोंडाजवळ एक काडी रोवायची, खडे वेचून काढायचे. डोळ्यांना संरक्षक चष्मा आणि पायात बंद बूट हवेतच, कारण दाते खडा जोरात फेकतात. वायर कायम खांद्यावरून मागे ठेवायची आणि अडकलेला कचरा काढताना प्लग काढूनच हात घालायचा.

एकदा उभं आणि एकदा आडवं असं चालवल्यावर जो ढीग निघतो, त्याची कल्पना आधी येत नाही. मागची पिशवी काही मीटरमध्येच भरते, आणि ती सारखी रिकामी करण्यातच काम रेंगाळतं. मी ती काढून टाकली आणि आता लावतच नाही. कचरा लॉनवर पडू द्यायचा, मग पानं गोळा करायच्या रुंद दंताळ्याने ओढायचा. कामाचा मोठा भाग हाच आहे, आणि मशीनच्या जाहिरातीत त्याचा उल्लेख सहसा नसतो. मदतीला एक माणूस असेल तर एकाने मशीन चालवावं आणि दुसऱ्याने मागून ओढत यावं. तणनाशक वापरलेलं नसेल तर हा कचरा कंपोस्टमध्ये जातो, पण कुजायला बराच वेळ घेतो. हिरवं काही मिसळून अधूनमधून खालीवर करत राहावं लागतं.

त्या संध्याकाळी लॉन बघवत नाही. अर्धं पिवळं, अर्धं मातीचं, सगळीकडे ओरखडे. घरातले आणि शेजारी काळजीने विचारतात. ज्यांनी मशीन नुकतंच आणलं आहे त्यांना मुद्दाम सांगतो, ते असंच दिसायला हवं. त्या ओरखड्यांतच बी बसतं.

थॅचवर पडलेलं बी उगवतं, पण त्याचं मूळ मातीला लागायच्या आतच ते वाळतं. नुसतं बी फोकून काही होत नाही ते यामुळेच. मी ब्लूग्रास आणि बारमाही रायग्रास यांचं मिश्रण वापरलं. ब्लूग्रासचं बी फार बारीक, म्हणून ओव्हरसीडिंगला दर चौरस मीटरला ५ ते ७ ग्रॅम पुरतं. रायग्रासचं बी त्यापेक्षा बरंच मोठं, ते एकटंच टाकायचं असेल तर १५ ते २० ग्रॅम लागतं. निम्मं बी उभं आणि निम्मं आडवं टाकलं की पट्टे पडत नाहीत. त्यानंतर दंताळं उलटं धरून हलकं फिरवायचं, वर चाळलेल्या कंपोस्टचा पातळ हात द्यायचा आणि थोडं चालून किंवा रोलर फिरवून बी मातीला दाबायचं. ५-६ मिलिमीटरपेक्षा खोल गाडलं तर बारीक बी वर येत नाही.

त्यानंतर सगळं पाण्यावर अवलंबून. वरचा थर दिवसातून दोन-तीनदा हलकं शिंपडून सतत ओला ठेवायचा, पण डबकं होऊ द्यायचं नाही. मिश्रण वापरणाऱ्यांनी इथे नीट लक्ष द्यावं. रायग्रास ५ ते १० दिवसांत उगवतं, सगळीकडे कोवळं हिरवं दिसतं आणि काम झालं असं वाटून पाणी कमी केलं जातं. ब्लूग्रासला मात्र १४ ते ३० दिवस लागतात. त्याचं बी त्यावेळी नुकतं फुगलेलं असतं, आणि तेव्हा माती सुकली तर ते तिथेच संपतं. पुढे मोकळ्या जागा भरून काढणारं गवत ब्लूग्रास आहे, रायग्रास आपल्या झुपक्यापुरतंच वाढतं. म्हणून पूर्ण महिनाभर शिंपडणं सोडू नका. नवी रोपं ८ सेंटीमीटरच्या आसपास गेल्यावर, माती कोरडी असताना आणि पातं धारदार करून पहिली कापणी करायची.

आणखी एक गोष्ट. तण उगवू नये म्हणून आधीच टाकायचं तणनाशक सहसा गवताचं बीसुद्धा उगवू देत नाही. त्याचा परिणाम दोन-तीन महिनेही टिकतो. डब्यावरची मुदत वाचल्याशिवाय बी विकत घेऊ नका. वसंतात ओव्हरसीडिंग करायला मी सांगत नाही, ते याही कारणाने: त्याच वेळी तणं उगवत असतात आणि त्यांना अडवायचं औषध आपल्याला वापरता येत नाही. थंड हवामानाच्या गवताला (ब्लूग्रास, रायग्रास, फेस्क्यू) उन्हाळ्याचा शेवट ते शरदाची सुरुवात हाच उत्तम काळ. माती अजून ऊबदार असते, हवा निवळलेली असते. हरळीचं किंवा झोयसियाचं लॉन असेल तर उलट, ते पूर्ण हिरवं होऊन जोमात वाढायला लागल्यावर, वसंताच्या शेवटी किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला मशीन चालवायचं. या दोन्हींना जमिनीखाली खोडं असतात, त्यातून ती परत फुटतात. सेंट ऑगस्टीनसारखं गवत फक्त जमिनीवरून धावतं, त्यावर पॉवर रेक जोरात चालवला तर धावणारी खोडंच निघून येतील. अशा लॉनसाठी हे मशीन मी सुचवणार नाही.

आत्ताची स्थिती सांगतो. वसंतात ब्लूग्रास आडवं पसरलं आणि ओरखड्यांच्या रेघा पूर्ण बुजल्या. उन्हाळ्यात दिलेलं पाणी आता लगेच मुरतं, पूर्वी ते उताराकडे वाहून जायचं. तपकिरी थर १ सेंटीमीटरच्या जवळ आला आहे. हे श्रेय एकट्या मशीनला देणं मात्र बरोबर होणार नाही. मी नत्र कमी केलं, पाणी आठवड्यातून एक-दोनदाच पण खोलवर द्यायला लागलो आणि कीटकनाशक थांबवलं. गांडुळं परत दिसू लागली आहेत, थॅच कुजवायला तीही मदत करतात. एका झाडाखालचा पट्टा अजूनही विरळ आहे. तिथे ऊन पुरेसं येत नाही, त्यामुळे सावली सोसणारं फाइन फेस्क्यू टाकल्याशिवाय उपाय नाही.

मशीनचं म्हणाल तर मोटर पहिल्या दिवसासारखीच आहे. दात्यांची टोकं झिजली आहेत, कडेचे काही वाकले आहेत. ते सुटे मिळतात आणि बदलायला सोपे आहेत, पण घेण्याआधी आपल्या मॉडेलचे सुटे दाते मिळतात की नाही हे विचारून घ्या. खोलीचा लीव्हर प्लास्टिकचा आहे, वाळलेली माती अडकली की घट्ट होतो. वापर झाला की कोरड्या ब्रशने साफ करा, मोटरवर पाणी मारू नका.

विकत घ्यावं का? लॉन दरवर्षी हे काम मागत नाही, ब्लूग्राससारख्या गवतालाही दोन-तीन वर्षांतून एकदा पुरतं. थर २.५ सेंटीमीटरहून जाड असेल तर ताकदवान पेट्रोल मशीन भाड्याने आणा आणि सगळा थर एकदम न काढता दोन हंगामांत काढा. माती दबलेली असेल तर आधी कोअर एरेटर (मातीचे छोटे गोल तुकडे उपसून भोकं पाडणारं मशीन), मग पॉवर रेक. मी मशीन ठेवणार आहे, मुख्यतः बियासाठी. येत्या शरदात पूर्ण लॉन खरवडणार नाही. लीव्हर वरच्या खाचेत ठेवून फक्त विरळ जागांवरून फिरवीन आणि लगेच मागून बी टाकीन.