गन्स अँड रोझेस ऐकायला कानात बोळे

आधी निकाल सांगते. संगीतासाठी म्हणून जे फिल्टरवाले इअरप्लग मिळतात ते घ्या. पाचपैकी चार. एक गुण कुठे कापला ते पुढे येईलच. माझे मऊ सिलिकॉनचे आहेत, एकामागे एक चढत्या आकाराच्या तीन चकत्या, मधून पोकळ दांडी आणि दांडीच्या टोकाला बारीकसा फिल्टर. अठराशेच्या आसपास पडले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच बनावटीचे तीन-चार कंपन्यांचे येतात आणि मला बोलायचंय ते बनावटीबद्दल.

घ्यायचं कारण एकच, गन्स अँड रोझेस हा अमेरिकन रॉक बँड. मी अकरावी-बारावी लातूर पॅटर्नमध्ये काढली. पहाटे क्लास, दिवसा कॉलेज, रात्री पुन्हा क्लासची गणितं, आणि त्या गणितांच्या वेळी वॉकमनमध्ये भावाने पुण्याहून आणलेली कॅसेट. ॲक्सल रोझ काय ओरडतोय त्यातला निम्मा भाग कळायचा नाही, पण स्लॅशची गिटार कळायला इंग्रजी लागत नव्हतं. ती कॅसेट इतकी घासली की एका बाजूचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा यायला लागला. तेव्हापासून आजपर्यंत माझा बँड बदललेला नाही. नवरा बदलायला सांगत नाही, फक्त गाडीत लावू देत नाही.

२०१२ च्या डिसेंबरात ते मुंबईत आले तेव्हा गेले होते. तेव्हा बँडमध्ये ॲक्सल होता, स्लॅश नव्हता. स्लॅश आणि बेसवाला डफ मॅकेगन परत आले ते २०१६ मध्ये. त्यामुळे १७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर हे सगळे एकत्र येणार म्हटल्यावर मी तिकीट आधी काढलं आणि रजेचा अर्ज नंतर टाकला. २०१२ चा कार्यक्रम संपल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत डाव्या कानात बारीक शिट्टी वाजत होती, ती यावेळी नको होती. पन्नाशी जवळ येते तशी माणूस कानांची किंमत ओळखायला लागतो.

माझ्यासारख्या कट्टर लोकांना कानात काही घालायचं म्हटलं की अपमान वाटतो. ग्रुपवर एकाने लिहिलंच, "मग घरी बसून यूट्यूब बघ की." त्याच्यासाठी एक गोष्ट. २०१६ मध्ये एसी/डीसी या रॉक बँडचा गायक ब्रायन जॉन्सन दौरा अर्धवट सोडून बाजूला झाला, कारण डॉक्टरांनी सांगितलं, असंच चालू ठेवलंस तर पूर्ण बहिरा होशील. त्याच्या जागी उरलेला दौरा कुणी गायला? आपल्याच ॲक्सलने. पाय मोडलेला होता, तर सुरुवातीचे कार्यक्रम सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. मेटालिका बँडचा ड्रमर लार्स उलरिक कानातल्या कायमच्या आवाजाबद्दल कित्येक वर्षं उघडपणे बोलत आलाय. वाजवणाऱ्यांचेच कान गेले, तर ऐकणाऱ्यांनी कसला माज करायचा?

हिशेबाची बाई आहे, म्हणून थोडा हिशेबही मांडते. आतल्या कानात आवाज पकडणाऱ्या ज्या केसासारख्या पेशी असतात त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. डेसिबल हे आवाजाचं माप. ८५ डेसिबलच्या आवाजात कानाला दिवसाचे आठ तास चालतात, असं धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला पोचेपर्यंत पंधरा मिनिटं उरतात. रॉकचा कार्यक्रम शंभरच्या आसपास सहज जातो आणि हा बँड हल्ली अडीच-तीन तास वाजवतो. म्हणजे पहिल्या तीन-चार गाण्यांतच दिवसाचं बजेट संपलं, पुढचं सगळं उधारीवर. प्लगने वीस डेसिबल कमी झाले तर आपण कागदावर ८० ला येतो. कागदावर म्हणते, कारण पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. घाईत, घामात, अर्धवट बसवलेल्या प्लगला त्याच्या निम्मं मिळालं तरी पुष्कळ.

आता वस्तूबद्दल. लातूरच्या गंजगोलाई बाजारात विचारलं तर सेफ्टीच्या सामानाच्या दुकानात फक्त फोमचे नारिंगी बोळे मिळाले, दहा रुपये जोडी. मेडिकलवाल्याने पोहायचे काढून दिले. फिल्टरवाले ऑनलाइनच मागवावे लागले. फोम आणि हे यांतला फरक कानात घालून बघितल्याशिवाय समजत नाही. फोम वरचे सूर जास्त खातो आणि खालचे कमी, म्हणून गाणं गोधडीखालून ऐकल्यासारखं होतं. फिल्टरवाला सगळे सूर साधारण सारखेच खाली आणतो. झांज झांजच राहते, फक्त लांब जाते.

बसवायची एक पद्धत आहे आणि ती पाकिटातल्या चित्रावरून कळत नाही. उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून नेऊन कान वरच्या कडेला धरून वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाट सरळ होते. मग चकत्या किंचित ओल्या करून प्लग हळूहळू फिरवत आत सरकवायचा. बरोबर बसला की स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर एकदम गायब होते. होत नसेल तर तो बसलेला नाही, कितीही आत गेल्यासारखा वाटो. माझ्या कानाची वाट अरुंद असल्यामुळे तिसरी चकती बाहेरच राहते आणि त्याने काही बिघडत नाही. काढताना मात्र हळू. जोरात ओढला की आत हवा खेचल्यासारखी कळ येते. कानातले जड असतील तर आधी काढून ठेवा, कान ओढताना पाळी फाटल्यासारखी होते.

पहिली चाचणी आमच्या मिलमध्ये घेतली. लातूरच्या डाळ मिलमध्ये ज्यांनी पाय ठेवलाय त्यांना सांगायला नको. तूर फोडणारे रोल, चाळण्या, एलेव्हेटर, सगळं एकाच वेळी चालू असतं. माझं ऑफिस भिंतीपलीकडे असलं तरी लॉटचा हिशेब जुळवायला आत जावंच लागतं. तिथे हे प्लग नापास. दिवसभराच्या मशीनच्या आवाजाला दहा रुपयांचा फोमच बरा, तो जास्त दाबतो आणि तिथे सुरांची पर्वा कुणाला आहे? हे गाण्यासाठी आहेत, कामासाठी नाहीत. माझ्याकडून मिलमधल्या पोरांना फोमचीच शिफारस.

दुसरी चाचणी नणंदेच्या मुलाच्या वरातीत, औशाकडच्या गावात. आमच्याकडे डीजे म्हणजे काय हे मराठवाड्याबाहेरच्यांना सांगून पटत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंतीएवढे बॉक्स रचतात, घरांच्या पत्र्याला कंप सुटतो, लेकरं मात्र त्या बॉक्ससमोरच नाचतात. मी प्लग घालून करवल्यांच्या मागून चालत होते. नवऱ्याच्या मामांनी बघितलं.

"सूनबाई, कान दुखायलाय का? लसणाचं तेल कोमट करून सोड की."

"नाही मामा, आवाज लागू नये म्हणून घातलेत."

"आता डीजे नको म्हणून घालायलीस. अन् मुंबईला पैसे देऊन ऐकायला जायलीस म्हणं, तवा?"

"तवा बी घालणार."

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचं बोलणं मीच टाळलं.

डीजेत समजलं ते असं. उंच आवाज, भोंगा, त्या मधूनमधून वाजणाऱ्या सायरनसारख्या शिट्ट्या, हे सगळं सुसह्य होतं. शेजारी चालणारी जाऊबाई काय म्हणतेय ते आधीपेक्षा स्पष्ट ऐकू येतं, हे पहिल्यांदा खोटंच वाटतं. पण खालचा दणका छातीतून येतो, त्याला कानातलं कुठलंच काही अडवू शकत नाही. बॉक्सपासून लांब उभं राहणं हाच त्यावर इलाज. आणि त्या बॉक्ससमोरच्या लेकरांना हे प्लग घालू नका, त्यांच्या कानात ते नीट बसत नाहीत. त्यांच्यासाठी वरून घालायचे मफ येतात, ते घ्या आणि तरीही लांब ठेवा.

आणि आता महालक्ष्मी.

मेच्या मुंबईत संध्याकाळी रेसकोर्सच्या गवतावर उभं राहायचं म्हणजे आधी घामाची परीक्षा. पहिल्या गाण्याला मी प्लग घातलेच नव्हते. मुद्दाम. एवढ्या वर्षांनी स्लॅश समोर टोपी घालून उभा असताना पहिला सूर मला उघड्या कानांनीच हवा होता. त्या पंधरा मिनिटांच्या बजेटमधला थोडा भाग मी तिथे खर्च केला आणि मग प्लग बसवले.

बसवल्यावर काही सेकंद वाईट वाटतं. मैफल दोन पावलं मागे सरकल्यासारखी होते, आणि वाटतं, अठराशे रुपये देऊन आपण आपलीच मजा कमी केली. दुसऱ्या गाण्याच्या मध्यापर्यंत कान रुळतात आणि मग खरी गंमत सुरू होते. मोकळ्या मैदानात मोठ्या आवाजाचा जो चिखल होतो तो निवळतो. बँडमध्ये स्लॅशशिवाय रिचर्ड फोर्टस हा दुसरा गिटारवालाही आहे. उघड्या कानांना दोघांची मिळून एकच भिंत ऐकू येत होती. प्लग घातल्यावर कोण काय वाजवतंय ते वेगळं काढता आलं. डफचा बेस छातीत होताच, आता तो सुरातही आला. पियानोच्या एका लांबलचक गाण्यात किबोर्डखालचं वाद्यवृंदाचं अस्तर मला कॅसेटवर कधी सापडलं नव्हतं, ते मैदानात सापडलं. ॲक्सलचा आवाज आता साठीचा आहे, वरच्या पट्टीत तो ओढून नेतो, हेही स्पष्ट कळलं. हा प्लगचा दोष म्हणायचा की गुण, तुम्ही ठरवा. मला त्याचं ते ओढून नेणंही आवडलं.

आता तो कापलेला एक गुण. कान बंद असले की आपला स्वतःचा आवाज कवटीत घुमतो. बोटांनी कान बंद करून गुणगुणून बघा, तेच. मी ज्या बँडची सगळी गाणी शब्दन् शब्द म्हणते, त्या बँडच्या कार्यक्रमात मला तीन तास ॲक्सलपेक्षा मीच जास्त ऐकू येत होते. आणि मी बेसूर आहे. पुढे पुढे नुसते ओठ हलवायला लागले, पण रॉकच्या कार्यक्रमात नुसते ओठ हलवायला कोण जातं? एका गाण्याला, ज्यात सगळं मैदान मिळून शेवटची ओळ पुन्हा पुन्हा म्हणतं, मी दोन्ही प्लग काढून मुठीत धरले. गर्दीचा तो आवाज या वस्तूतून येत नाही. शेजारचे लोक वीस डेसिबलने लांब जातात आणि एकटीच गातेय असं वाटतं. गाणं संपल्यावर घामेजल्या बोटांनी ते परत बसवणं म्हणजे आणखी एक गाणं गेलं.

कार्यक्रम संपल्यावर लोकलच्या डब्यातल्या गर्दीत प्लग काढले. कान हलके होते, शिट्टी नव्हती. कल्याणला मावसबहिणीकडे पोचले तर तिच्या घरातला पंखासुद्धा नीट ऐकू आला. दुसऱ्या रात्रीच्या लातूर गाडीत, वरच्या बर्थवरच्या काकांच्या घोरण्यावर तेच प्लग लावून बघितले. त्या कामाला हे निरुपयोगी. काकांचं घोरणं तेवढंच स्पष्ट, फक्त जरा सौम्य. झोपेसाठी पर्समध्ये फोमची एक जोडी वेगळी ठेवा.

देखभाल फार नाही. कोमट पाणी, थोडा साबण, फिल्टरच्या भोकात पाणी जाऊ द्यायचं नाही. मळ अडकला की आवाज एका बाजूला कमी येतो आणि माणूस उगाच कानाच्या डॉक्टरकडे पळतो. सोबत किचेनला अडकवायची डबी येते, ती चांगली आहे. सोबत गळ्यात अडकवायची दोरीही येते, ती मी काढून टाकली. हात वर करून नाचणाऱ्या गर्दीत ती कुणाच्या ना कुणाच्या घड्याळात अडकते.

साइज दोन येतात. बायकांनी शक्यतो लहान मागवावी, मोठी नको. कानाला लावायची वस्तू म्हणून पाकीट फोडल्यावर बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत, तेव्हा मागवताना नीट बघा. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मागवू नका. दोन-तीन संध्याकाळी घरात घालून सवय करायला हवी. लातूरकरांनी त्यासाठी वेगळी जागा शोधायची गरज नाही, लग्नसराईत दारावरून वरात जातेच.