सेव्हन टाईप किट कारला बाईकचं इंजिन: फायरब्लेड, आर-वन की हायाबुसा?

ब्रिटनमध्ये राहणारे आपले बरेच जण हल्ली घरच्या गॅरेजमध्ये लोटस सेव्हन या जुन्या, हलक्या, उघड्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीवरची किट कार (सुटे भाग आणून स्वतः जोडायची गाडी) बांधायला घेतायत, आणि गाडी साडेचारशे-पाचशे किलोतच बसवायची असेल तर बाईकच्या इंजिनाचा विचार येतोच. इंजिन, क्लच आणि सहा गिअरचा सिक्वेन्शिअल गिअरबॉक्स (गिअर ओळीने एकेक करून बदलणारा) हे सगळं एकाच गठ्ठ्यात मिळतं, वजन कारच्या इंजिन-गिअरबॉक्सच्या जवळपास निम्मं. आता प्रश्न कुठलं घ्यायचं हा, आणि त्यात सगळे आधी बीएचपी, म्हणजे इंजिनाची कमाल ताकद, बघतात. माझं स्पष्ट मत आहे की बीएचपी शेवटी बघा, आधी टॉर्क (इंजिनाचा ओढायचा जोर), ऑइल आणि गिअरिंग बघा.

कार्ब्युरेटरवाली जुनी होंडा फायरब्लेड, म्हणजे १९९६ ते ९९ ची ९१८ सीसी, १३० च्या आसपास बीएचपी. यातलं सगळ्यात स्वस्त आणि सोपं काम हेच, वायरिंग थोडकं, ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची) कटकट नाही. एकट्याने चालवायची, चारशे-सव्वाचारशे किलोची गाडी असेल तर मजा येते, पण शेजारी कोणी बसलं आणि चढ लागला की सारखं गिअर पाडत बसावं लागतं.

यामाहा आर-वन १९९८ साली आली, ९९८ सीसी, कंपनीच्या आकड्याप्रमाणे १५० पीएस (जवळपास बीएचपीच) आणि १०८ न्यूटनमीटर. गिअरबॉक्सचे शाफ्ट एकावर एक रचल्यामुळे इंजिन आखूड आहे आणि सेव्हनच्या अरुंद नाकात जागेचं महत्त्व किती ते चेसिस वेल्ड करताना कळतं. २००१ पर्यंत कार्ब्युरेटर, २००२ पासून इंजेक्शन. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये सेकंड गिअर निसटायची तक्रार बऱ्यापैकी ऐकू येते, त्यामुळे घेताना तो गिअर लोड देऊन तपासाच.

सुझुकी हायाबुसा १९९९ ची, १२९९ सीसी, १७५ पीएस, पण खरी गंमत १३८ न्यूटनमीटर टॉर्कची. पाचशे किलोची गाडी आणि दोन माणसं हे ओझं ती आरामात ओढते, दर वेळी आरपीएम चढवून ठेवावा लागत नाही. फक्त इंजिन जड आहे, सम्प (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) खोल आहे त्यामुळे तो कापून उथळ करून घ्यावा लागतो नाहीतर चेसिसच्या खाली लोंबतो, आणि मुळात इंजेक्शनवाली असल्यामुळे ईसीयू, लूम (वायरिंगचा जुडगा), फ्युएल पंप सगळं डोनर बाईकवरूनच, म्हणजे जिचं इंजिन घेतलं तिच्यावरूनच, उचलावं लागतं.

ऑइलचं मात्र तिघांनाही लागू आहे आणि इथेच इंजिनं जातात. बाईक वळणात कलते म्हणून ऑइल सम्पच्या तळाशीच राहतं, कार कलत नाही. त्यात आपण इंजिन नव्वद अंशात फिरवून बसवतो, चेनचं स्प्रॉकेट मागे यावं म्हणून, त्यामुळे बाईकचं तोंड गाडीच्या डावीकडे येतं (एक्झॉस्ट डावीकडे, कार्ब्युरेटर उजवीकडे, आणि प्रॉपशाफ्ट, म्हणजे इंजिनाकडून मागे जाणारा दांडा, फिरायची दिशाही नेहमीच्या डिफला (मागच्या चाकांमधल्या डिफरन्शिअलला) चालते, हे सगळं छान जुळून येतं). पण मग लांब वळणात ऑइल इंजिनाच्या पुढच्या नाहीतर मागच्या भिंतीवर चढतं आणि १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकाच बाजूचा जोर, लागला की त्याची पातळी सरळ ४५ अंशात तिरकी होते. बाईकला ब्रेक मारताना असं होतं ते क्षणभर, इथे चार-पाच सेकंद. पिकअप (पंप जिथून ऑइल ओढतो ते तोंड) उघडा पडला, पंपाने हवा ओढली की बिग-एंड बेअरिंग, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, संपलं. रोडसाठी बॅफल प्लेट (सम्पमधलं ऑइल अडवणारी पट्टी) पुरते, पण चिकट टायर टाकून ट्रॅकवर जाणार असाल तर, खासकरून हायाबुसाला, ड्राय सम्पचे (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवायच्या सोयीचे) पैसे आधीच बाजूला काढा. तेवढे नसतील तर आर-वन घ्या.

आता गिअरिंग. आर-वन बाईकच्या चेनला पुढच्या स्प्रॉकेटवर १६ आणि मागच्यावर ४३ दात, म्हणजे २.६९ चा रेशो, त्याच्या जागी फोर्ड सिएरा कारचा ३.६२ चा डिफ आला आणि १३ इंची चाकाचा घेर बाईकच्या चाकापेक्षा लहान, त्यामुळे तेवढ्याच आरपीएमला बाईकच्या स्पीडचा साधारण दोन-तृतीयांशच स्पीड मिळतो. ट्रॅकवर हे उत्तम, पण मोटरवेवर ताशी ११० किलोमीटरला इंजिन साडेसहा हजार आरपीएमच्या आसपास ओरडत राहणार आणि दोन तास ते ऐकणं सोपं नाही. हायाबुसाला टॉर्क असल्यामुळे ३.१४ चा डिफ परवडतो, तेवढ्याच स्पीडला आरपीएम हजारभराने उतरतो. लांब फिरायचं असेल तर मला हा एकच मुद्दा हायाबुसासाठी पुरेसा वाटतो.

क्लच मूळचा दोनशे-सव्वादोनशे किलोच्या बाईकसाठी असतो, तेव्हा कडक स्प्रिंग कुठल्याही इंजिनाला टाकाच. रिव्हर्स गिअर नसतो. ४१० किलोच्या वरच्या गाडीला ब्रिटनच्या नियमाने मागे जायची सोय लागतेच, म्हणजे इलेक्ट्रिक मोटर किंवा प्रॉपशाफ्टमधला रिव्हर्स बॉक्स, आणि त्याचं वजन, जागा, खर्च आधीच धरा.

भारतात हे रस्त्यावर आणायचा विचार करत असाल तर मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत फेरफार करण्याबद्दलचं) आधी वाचा. कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी बांधलेल्या छोट्या रेसकारची स्पर्धा) टीमसाठी प्रश्नच वेगळा, तिथे चाकणला बनणारं केटीएम ३९० चं इंजिन घ्या, पार्ट दारात मिळतात.

आणि कुठलंही घ्या, सुटं इंजिन शक्यतो घेऊ नका. पडलेली अख्खी बाईक लूम, ईसीयू, किल्लीसकट घ्या, आणि घरी आणल्यावर पहिल्यांदा सम्प उघडून गाळणीत चमकणारा चुरा आहे का ते बघा.