'बरा झालेला पेशंट' दाखवून आम्हाला लुटलं

मेसोथेलिओमाचा, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणाऱ्या कॅन्सरचा, पेशंट घरात असेल, तर हे वाचाच. आमचे सव्वा लाख गेले, ते जाऊ द्या. अण्णांचे तीन महिने गेले, त्याची चुटपुट अजून जात नाही.

अण्णा भुसावळला रेल्वेत खलाशी होते, वाफेच्या इंजिनांच्या काळात. बॉयलरवरचं जुनं लॅगिंग (उष्णता धरून ठेवणारा थर) काढायचं, नवं थापायचं. त्यात ॲस्बेस्टॉस असायचं, पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पांढरे होऊन घरी यायचे आणि आई अंगणात त्यांचे कपडे झटकायची. हा रोग त्या धुळीनंतर वीस ते पन्नास वर्षांनी डोकं वर काढतो. अण्णांना बिडीसुद्धा ठाऊक नव्हती.

दम लागायला लागला, छातीत पाणी निघालं. जळगावला दीड लिटर काढलं, आधी टीबीची शंका आली. शेवटी बायोप्सीत निदान झालं: फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा, एपिथेलिओइड प्रकार. त्यातल्या त्यात हा प्रकार बरा. सार्कोमॅटॉइड असला तर मुदत आणखी कमी. मुंबईच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "उपचार घेतले तर साधारण वर्ष-दीड वर्ष. पण हा मधला आकडा आहे. निम्मे पेशंट त्याआधी जातात, निम्मे त्यापुढे जगतात." पाच वर्षं काढणारे दहातला एखादा, हेही त्यांनी लपवलं नाही. मी फक्त 'वर्ष' एवढंच ऐकलं.

त्याच आठवड्यात एका लग्नाच्या पंगतीत नात्यातल्या एकाने 'त्या माणसाचा' नंबर दिला.

धुळ्याकडे हायवेवर एका लॉजच्या खोलीत तो बसायचा. बोलायला गोड. रिपोर्ट उघडूनही पाहिले नाहीत. म्हणाला, "डॉक्टर वर्ष म्हणतात ना? मी दहा लिहून देतो." लिहून मात्र काहीच दिलं नाही, पावतीसुद्धा नाही. नव्वद दिवसांचा कोर्स, काळपट पुड्या, पथ्य म्हणून केळी बंद (खान्देशात राहून!) आणि मुख्य अट, केमो थांबवायची. "दोन औषधं भांडतात." मग मोबाईलवर एक फोटो दाखवला: चोपडा तालुक्यातले एक काका, छातीत तीनदा पाणी झालेलं, आता शेतात नांगर धरतात. तिथेच आम्ही विरघळलो.

पहिले पंधरा दिवस अण्णा खरंच टवटवीत. भूक लागली, दोन भाकरी खाऊ लागले. आई त्या माणसाच्या नावाने दिवा लावायची. महिन्याभरात चेहरा गोल झाला, पाय सुजले. एका रात्री ग्लानी आली, साखर ३८० निघाली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पुडी हातात घेतली आणि विचारलं, "यात स्टेरॉइड आहे का?" स्टेरॉइडने भूक वाढते, बरं वाटतं, साखरही वाढते. कॅन्सर जिथल्या तिथे असतो. तेवढ्यात छातीत पुन्हा पाणी भरलं होतं.

केमो पुन्हा सुरू झाली, पण अंगात पहिली ताकद नव्हती. वेळेवर घेतली असती तर किती जगले असते, हे मला कोणी सांगू शकत नाही. निदानापासून चौदा महिन्यांनी अण्णा गेले. शेवटी छातीत नळी बसवून घरीच पाणी काढायचो, त्याने दम कमी व्हायचा. ते आधीच करता आलं असतं. "आते माले घर लई चाल," असं ते दवाखान्यात म्हणायचे, ते तरी जमलं.

तक्रार करायला गेलो तेव्हा कळलं की कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणंच १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. खोली रिकामी, फोन बंद. पावती नाही, पुड्यांवर नाव नाही. तुम्ही निदान एक पुडी तरी जपून ठेवा, पैसे द्यायचेच असले तर खात्यावर द्या, आणि केमो थांबवा म्हणणाऱ्यासमोरून उठून या.

चोपड्याच्या त्या काकांकडेही जाऊन आलो. फाईल त्यांनी आनंदाने दाखवली. सहा महिन्यांच्या टीबीच्या गोळ्या, सरकारी दवाखान्यातून फुकट. फोटो त्यांचाच होता, कुठून घेतला ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी सगळं सांगितलं, तसे ते खाटेवर उठून बसले.

"माले कॅन्सर कधी व्हता?"