चौथ्या ओळीतला भागाकार

तीन आठवडे झाले, मी आणि माझी बारा वर्षांची भाची एक ॲप वापरतोय. मुलींना विज्ञानाची आणि कॉम्प्युटरची गोडी लागावी म्हणून तिघीजणी मिळून ते बनवताहेत. अजून ते सगळ्यांसाठी खुलं झालेलं नाही. सॉफ्टवेअर तपासणं हे माझं चौदा वर्षांचं काम, म्हणून चाचणी आवृत्ती त्यांनी माझ्याकडे पाठवली. तयार होईपर्यंत नाव तेवढं लिहू नका, बाकी जे वाटेल ते मोकळेपणाने लिहा, असं त्यांनी सांगितलंय.

मला सगळ्यात आवडला तो एनिॲकचा, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरचा धडा. सुरुवातीला नाव नाही, फोटो नाही, कोणाचं चरित्र नाही. समोर काळे पॅनेल, स्विच आणि लोंबणाऱ्या तारा. तोफगोळा कुठे पडेल ते काढायचं. एका खणातला आकडा दुसऱ्या खणात न्यायचा तर तार ओढून जोडायची, आणि चुकीच्या भोकात गेली की गोळा स्क्रीनवर भलतीकडेच जातो. भाचीला पहिलं गणित सुटायला चाळीस मिनिटं लागली. त्यानंतर १९४६ सालचा फोटो येतो: जवळजवळ १८,००० व्हॅक्यूम ट्यूबांचं ते अवाढव्य यंत्र आणि त्याच्याजवळ उभ्या बायका. ‘या कोण असतील?’ असा प्रश्न येतो आणि मग सहा नावं: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास, रूथ लिक्टरमन. यंत्र कसं चालवायचं याचं पुस्तकसुद्धा त्यांना मिळालं नव्हतं. जोडणीचे नकाशे वाचून त्या शिकल्या. पुढे कितीतरी वर्षं लोक त्यांना शोभेला उभ्या केलेल्या मॉडेल समजत होते. हे वाचून भाची चिडली. स्वतः चाळीस मिनिटं तारा जोडल्या होत्या ना तिने!

अपोलो चांद्रमोहिमेचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टनचा धडाही तसाच जमलाय. त्यांच्या लहान मुलीने खेळता खेळता अपोलोच्या सिम्युलेटरची बटणं दाबली, उड्डाण चालू असतानाच उड्डाणापूर्वीचा प्रोग्राम सुरू झाला आणि सगळं बंद पडलं. हॅमिल्टन म्हणाल्या, यासाठी कोडमध्ये अडसर घालू. अंतराळवीर असली चूक करणारच नाहीत, असं उत्तर त्यांना मिळालं. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ वर जिम लॉव्हेल यांच्या हातून नेमकी तीच चूक झाली. ॲपमध्ये तो अडसर आपण लिहायचा: ‘यान उडत असेल तर हा प्रोग्राम सुरू करू नको.’

भाचीने तो लिहिला आणि मग टिकतो का ते बघायला वाट्टेल ती बटणं दाबत सुटली. तेव्हा ॲपमधलीच चूक सापडली. अडसर लिहून झाल्यावर, पण ‘तपासा’ दाबायच्या आधी बॅक केलं की धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तिने वहीत लिहिलं: आधी काय दाबलं, मग काय, काय व्हायला हवं होतं, काय झालं. मी तिला हे शिकवलेलं नव्हतं. ते पान मी जसंच्या तसं त्या तिघींना पाठवलं.

पहिल्या प्रोग्रामर मानल्या जाणाऱ्या एडा लव्हलेसच्या धड्यावर मात्र माझा राग आहे. केस निवडा, झगा निवडा, एडा कवी बायरनची मुलगी होत्या, संपलं. अहो, बॅबेजच्या गणनयंत्रावरच्या त्यांच्या १८४३ सालच्या टिपांमध्ये गणितातल्या बर्नुली संख्या काढायचा अख्खा तक्ता आहे, २५ पायऱ्यांचा! तेराव्यापासून तेविसाव्यापर्यंतच्या पायऱ्या पुन्हा करायच्या, असं त्यातच सांगितलंय. लूप शिकवायला याहून चांगलं काय मिळणार? आणि छापील तक्त्यात चौथ्या पायरीवर भागाकार उलटा पडलाय. चूक लेखिकेची की छपाईची, काही का असेना, मुलींच्या हातात तो तक्ता द्या आणि म्हणा, शोधा. झगे काढून टाका.

सुरुवातीच्या काळातल्या प्रोग्रामर ग्रेस हॉपर यांच्या धड्यात पतंगाची, म्हणजे त्या उडणाऱ्या किड्याची गोष्ट चुकीची आलीय. हार्वर्डच्या मार्क टू यंत्रात १९४७ साली पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला हे खरं, पण यंत्रातल्या किंवा प्रोग्राममधल्या चुकीला म्हणतात तो ‘बग’ हा शब्द त्यातून जन्मला नाही. एडिसनच्या १८७८ च्या पत्रातही तो आहे. त्यापेक्षा १९५२ मधल्या त्यांच्या कंपायलरवर, म्हणजे माणसाने लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामवर जागा खर्च करा.

घड्याळ आणि गुणांची यादी सुरुवातीपासूनच चालू असते. घड्याळ दिसलं की भाची वाचायची थांबायची, नुसते अंदाज मारायची. सेटिंगमध्ये जाऊन बंद केल्यावर ती परत वाचायला लागली. ते मुळातच बंद ठेवा.

आवाज ठीक, अक्षरं थोडी बारीक. तूर्त पाचपैकी साडेतीन, आणि एडाचा धडा नव्याने केलात तर मी आनंदाने वाढवीन.

दुरुस्त आवृत्ती काल आली. ‘मावशी, थांब,’ म्हणून भाचीने फोन घेतला, अडसर लिहिला आणि आधी बॅक दाबून पाहिलं.